गोल्फ मैदानाच्या रचनेतील निसर्गवाद आणि अल्पतमवाद : कोलकात्याच्या सपाट जमिनीवरून एक अभ्यास

१. पाठाचे प्रयोजन

गोल्फ खेळत नसलेल्या विद्यार्थ्यालाही हा पाठ उपयोगी पडावा, अशा बेताने तो लिहिला आहे. भूदृश्य रचनेच्या अभ्यासक्रमात गोल्फ मैदानाचा समावेश होतो, कारण एवढ्या मोठ्या जमिनीला एकाच हेतूने हात लावण्याची संधी दुसऱ्या फारशा कामांत मिळत नाही. अठरा होलच्या मैदानाला साधारणपणे ५० ते ६० हेक्टर जमीन लागते. तेवढ्या जमिनीवरचे उतार, पाण्याचे मार्ग, गवत आणि झाडे यांचे काय करायचे, हे एका रचनाकाराच्या निर्णयावर ठरते.

या निर्णयासाठी आज 'निसर्गवाद' आणि 'अल्पतमवाद' हे दोन शब्द सर्रास वापरले जातात. दुसऱ्याला इंग्रजीतून आलेल्या 'मिनिमलिझम' या नावानेही ओळखतात. दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरण्याची सवय आहे आणि तिथेच घोटाळा होतो. हा पाठ संपल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी करता आल्या पाहिजेत :

- निसर्गवाद आणि अल्पतमवाद यांतला फरक उदाहरणांसह सांगणे.
- सपाट, गाळाच्या जमिनीवर 'कमीत कमी काम' म्हणजे काय, हे कोलकात्याच्या आधारे स्पष्ट करणे.
- खोदाई, भराव, पाऊस आणि सिंचन यांचा ढोबळ हिशेब मांडणे.
- हाच विचार महाराष्ट्रातील माळरानावर लावताना कोणता प्रश्न आधी विचारायचा, ते ओळखणे.

२. लागणारे थोडे शब्द

प्रत्येक होलची सुरुवात 'टी' या जागेवरून होते आणि शेवट 'ग्रीन'वर होतो. ग्रीन म्हणजे अगदी बारीक कापलेल्या गवताचा पट्टा. त्यातच भोक आणि झेंडा असतो. दोन्हींच्या मधला, चेंडू नीट पडावा म्हणून कापून ठेवलेला पट्टा म्हणजे 'फेअरवे'. त्याच्या दोन्ही बाजूंचे उंच गवत ते 'रफ'. वाळूचा खड्डा म्हणजे 'बंकर'. बंकर, तळे, ओढा यांना मिळून आपण 'अडथळे' म्हणू. अठरा होल जमिनीवर कोणत्या क्रमाने आणि कोणत्या दिशेने बसवायचे, या कामाला 'आखणी' म्हणू. रचनेतला सर्वांत मोठा निर्णय आखणीचा असतो. आखणी चांगली असेल तर मातीकाम कमी होते. ती चुकली तर पुढे कितीही यंत्रे लावली तरी जमीन कुरकुरत राहते.

३. दोन शब्द, दोन प्रश्न

निसर्गवाद हा दिसण्याबद्दलचा विचार आहे. केलेले काम डोळ्यांना केलेले वाटू नये, एवढीच त्याची अपेक्षा असते. अल्पतमवाद हा करण्याबद्दलचा विचार आहे. त्यात विचारायचे असते की किती माती हलवली, किती पाणी लागते आणि किती जमिनीला कायमची देखभाल लागणार.

हे दोन प्रश्न वेगळे असल्यामुळे त्यांची उत्तरेही वेगवेगळी येऊ शकतात. चार उदाहरणे पाहा.

(अ) दिसायला नैसर्गिक आणि कामही कमी : अमेरिकेतील नेब्रास्का राज्यातील सँड हिल्स. बिल कूर आणि बेन क्रेनशॉ यांनी रचलेले हे मैदान १९९५ मध्ये सुरू झाले. वाळूच्या टेकड्यांवर हिंडून त्यांनी १३०हून अधिक संभाव्य होल नकाशावर टिपले आणि त्यांतून अठरा निवडले. मैदान जणू तिथे होतेच. यांनी ते शोधून काढले.

(आ) दिसायला नैसर्गिक, पण काम प्रचंड : लास व्हेगासजवळचे शॅडो क्रीक. टॉम फाझिओ यांनी सपाट वाळवंटात टेकड्या, ओढे आणि पाइनची झाडी उभी केली. आत गेल्यावर आपण वाळवंटात आहोत हे लक्षात येत नाही.

(इ) काम कमी, पण दिसायला कृत्रिम : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या अंतर्भागात झालेली अनेक मैदाने. होलच्या आडवा सरळ रेषेत मातीचा बांध घालायचा आणि त्याच्या पुढे खंदक खणायचा. माती थोडीच हलते, पण बांध शेताच्या बांधासारखा उघड दिसतो.

(ई) काम मोठे आणि कृत्रिमपणाही उघड : फ्लोरिडातील टीपीसी सॉग्रास, १९८०. पीट डाय यांनी दलदलीच्या जागेवर ते रचले. सतराव्या होलचे ग्रीन जवळजवळ सर्व बाजूंनी पाण्याने वेढलेले आहे आणि ते निसर्गाने केले असेल, असे कोणालाही वाटत नाही.

म्हणून कोणत्याही मैदानाला 'नैसर्गिक' म्हणण्याआधी दोन्ही प्रश्न स्वतंत्रपणे विचारा. डोळ्यांची साक्ष पहिल्या प्रश्नापुरती चालते. दुसऱ्या प्रश्नासाठी मातीकामाची वही आणि पाण्याचे बिल पाहावे लागते.

४. विचार कसा घडत गेला

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर समुद्र आणि शेतजमीन यांच्या मधोमध वाळूचा, उंचसखल, गवताळ पट्टा असतो. त्याला 'लिंक्स' म्हणतात. पीक येत नाही म्हणून तिथे मेंढ्या चरत आणि लोक खेळत. वाळूमुळे पाणी लगेच मुरते. खारा वारा आणि चरणारी जनावरे यांमुळे गवत आपोआप आखूड राहते. सेंट अँड्र्यूजचे 'ओल्ड कोर्स' असे शतकानुशतकांच्या वापरातून घडले. अठरा होलचा आकडाही तिथलाच : १७६४ मध्ये बावीस होलचे अठरा करण्यात आले.

पुढे खेळ किनारा सोडून आत गेला, तेव्हा चिकणमाती, झाडी आणि सपाट शेते आली. लिंक्सचे गुण आता बनवावे लागणार होते. या टप्प्यावर ॲलिस्टर मॅकेन्झी यांचे नाव येते. ते मुळात डॉक्टर होते. बोअर युद्धात बोअर सैनिक जमिनीच्या आकाराचा आडोसा कसा घेतात हे त्यांनी पाहिले आणि पहिल्या महायुद्धात लष्करासाठी छलावरणाचे काम केले. खंदक दिसू नये म्हणून जे करायचे, तेच बंकर नैसर्गिक दिसावा म्हणून करता येते, हे त्यांनी ओळखले. १९२०च्या आपल्या पुस्तकात त्यांनी तेरा तत्त्वे मांडली. मैदानातील कृत्रिम भाग परक्या माणसाला निसर्गापासून वेगळे ओळखता येऊ नयेत, असा त्यांतल्या एका तत्त्वाचा आशय आहे. लक्षात घ्या, हे तत्त्व निसर्गवादाचे आहे. पण मॅकेन्झी काटकसरीचेही पुरस्कर्ते होते. बॉबी जोन्स यांच्यासोबत त्यांनी रचलेले ऑगस्टा नॅशनल १९३३ मध्ये सुरू झाले, तेव्हा त्यात अवघे २२ बंकर होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर बुलडोझर स्वस्त झाले आणि आखणीचे महत्त्व घटले. जमीन आवडली नाही तर बदलता येऊ लागली. या काळाला उत्तर म्हणून विसाव्या शतकाच्या अखेरीस सँड हिल्स आणि टॉम डोक यांचे पॅसिफिक ड्यून्स (२००१) यांसारखी मैदाने आली. अल्पतमवाद हा शब्द गोल्फमध्ये रुळला तो याच काळात. पुढचे पाऊल होते ते आधीच वाढवलेले कमी करण्याचे. नॉर्थ कॅरोलायनातील पाइनहर्स्ट क्रमांक २ या जुन्या मैदानावर कूर आणि क्रेनशॉ यांनी २०१०-११ मध्ये सुमारे ३५ एकर हिरवळ काढून टाकली, तिथे मूळची वाळू आणि रानगवत परत येऊ दिले आणि पाण्याच्या फवाऱ्यांची संख्या निम्म्याहून कमी केली. त्यावरच २०१४ मध्ये पुरुषांची आणि महिलांची यूएस ओपन स्पर्धा लागोपाठच्या आठवड्यांत झाली.

या इतिहासात एक अडचण आहे. बहुतेक गाजलेली उदाहरणे वाळूवरची आहेत. वाळूवर निचरा फुकट मिळतो आणि उंचसखलपणा वाऱ्याने घडवलेला असतो. ज्या जमिनीवर यांपैकी काहीच नाही, तिथे अल्पतमवाद म्हणजे काय? यासाठी आपण कोलकात्याकडे वळू.

५. कोलकाता : जमीन आणि खेळ

ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब कोलकात्यात आहे. १८२९ मध्ये तो डमडम येथे सुरू झाला. पुढे खेळ शहरातल्या मैदानावर आला आणि १९१० मध्ये दक्षिणेकडे टॉलीगंजला गेला. पंचम जॉर्ज यांच्या १९११च्या भारतभेटीनंतर क्लबच्या नावामागे 'रॉयल' लागले. आजचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब तो हाच. जवळच १८९५ मध्ये स्थापन झालेला टॉलीगंज क्लब आहे आणि त्याचेही स्वतःचे मैदान आहे. मुंबईतही १८४२ मध्ये गोल्फ क्लब निघाला होता, म्हणजे हा खेळ आपल्याकडेही नवा नाही.

या तीन जागांतील मधली जागा, म्हणजे कोलकात्याचे 'मैदान', आपल्या विषयाच्या दृष्टीने बोलकी आहे. प्लासीच्या लढाईनंतर नवा फोर्ट विल्यम बांधताना तोफांसमोर मोकळी जागा हवी म्हणून हे मैदान राखले गेले आणि आजही ते लष्कराच्या ताब्यात आहे. अशा जागेवर टेकड्या उभारणे किंवा खंदक खणणे शक्य नव्हते. जे गवत होते, जी झाडे होती, त्यांतूनच होल काढायचे. हा सक्तीचा अल्पतमवाद होता.

आता जमीन पाहा. कोलकाता गंगेच्या त्रिभुज प्रदेशात, समुद्रसपाटीपासून अवघ्या काही मीटर उंचीवर आहे. माती गाळाची आणि चिकण. हुगळीचा काठ थोडा उंच आहे आणि तिथून जमीन पूर्वेकडे, पाणथळ भागाकडे, हलकेच उतरते. वर्षाला सुमारे १,६०० ते १,८०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. टॉलीगंज हे नावच पाण्याच्या कामावरून आले आहे : अठराव्या शतकात मेजर विल्यम टॉली यांनी आदिगंगेच्या गाळाने भरलेल्या पात्रातून कालवा खणला, तो टॉलीचा नाला.

थोडक्यात, वाळू नाही, उतार नाही, निचरा नाही. पाणी मात्र भरपूर. सेंट अँड्र्यूजचे दृश्य इथे आणायचे म्हटले तर हजारो ट्रक वाळू लागेल आणि तरीही पहिल्या मोठ्या पावसात ते बुडेल.

६. तळे आणि उंचवटा

बंगालच्या खेड्यात घर बांधण्याची जुनी रीत अशी : आधी पुकुर, म्हणजे तळे, खणायचे आणि निघालेल्या मातीचा ओटा करून त्यावर घर बांधायचे. पावसाळ्यात घर कोरडे राहते आणि तळ्यात पाणी साठते. पुढे आंघोळ, मासे, भाजीचा मळा सगळे त्या तळ्यावर चालते. एका खड्ड्यातून दोन कामे होतात. बंगालमध्ये तळे ही माणसाने केलेली वस्तू आहे, पण ते इतके जुने आणि इतके सर्वत्र आहे की तेच त्या भूभागाचे रूप झाले आहे.

रॉयल कलकत्ताचे मैदान पाहिले तर हीच जोडी दिसते. मैदान सपाट आहे, अनेक होलवर तळी आहेत, आणि ग्रीन आजूबाजूच्या जमिनीपेक्षा थोडे उंच आहेत. लांबी ७,००० यार्डांच्या वर आहे. टेकड्या नाहीत, तरी मैदान सोपे मानले जात नाही.

सपाट जमिनीवर तळे आणि उंचवटा यांचा हिशेब कसा बसतो, ते काल्पनिक आकडे घेऊन करून पाहू.

समजा, ५०० चौरस मीटरचे ग्रीन एक मीटर उंच करायचे आहे. कडा सौम्य ठेवल्या तर सुमारे ८०० घनमीटर दाबलेली माती लागेल. आता ४० मीटर लांब, २० मीटर रुंद आणि दीड मीटर खोल तळे घ्या. काठाला एकास दोन असा उतार द्या. त्यातून सुमारे ९५० घनमीटर माती निघेल. दाबल्यावर ती दहा-पंधरा टक्के बसते. म्हणजे उरते ८०० ते ८५०. एक तळे, एक ग्रीन. हिशेब जागच्या जागी मिटला.

हीच माती बाहेरून आणायची ठरवली, तर १० घनमीटरच्या डंपरच्या शंभरच्या आसपास फेऱ्या होतील. अठरा ग्रीनसाठी १,८००. शिवाय ती माती कुठल्या तरी दुसऱ्या गावाच्या शेतातून खरवडून आलेली असेल. अल्पतमवादात हा भाग मोजणे आवश्यक आहे. आपल्या कुंपणाच्या आत काम कमी दिसले, पण खड्डा दुसरीकडे पडला, तर ते कमी काम नव्हे.

खेळाच्या बाजूनेही ही जोडी उपयोगी आहे. सपाट जमिनीवर अंतराचा अंदाज घेणे कठीण जाते, कारण डोळ्याला टेकायला उतार नसतो. उंच ग्रीनवर नेम थोडा चुकला की चेंडू कडेवरून खाली घरंगळतो. तळे टीच्या समोर आडवे न ठेवता तिरके ठेवले, तर एकाच अडथळ्यातून अनेक पर्याय निघतात. ताकदवान खेळाडू तळ्याची रुंद बाजू ओलांडून ग्रीनच्या जवळ जाईल, बेताचा खेळाडू अरुंद बाजू निवडेल, नवशिका बाजूने वळसा घालेल. आडव्या तळ्यापुढे मात्र सगळ्यांना एकच सक्ती असते. अडथळ्यांची संख्या न वाढवता निवडी वाढवणे, ही अल्पतम रचनेची खरी कसोटी आहे.

चिकणमातीवरच्या ग्रीनबाबत एक तांत्रिक मुद्दा. १९६० पासून अमेरिकी गोल्फ संघटनेची शिफारस अशी आहे की ग्रीनखाली खडीचा थर आणि त्यावर सुमारे ३० सेंटिमीटर वाळूप्रधान थर द्यावा. याने निचरा खात्रीचा होतो, पण खर्च आणि वाहतूक वाढते. जुनी पद्धत म्हणजे जागेवरचीच माती ढकलून ग्रीन रचणे. ती निवडली तर पाणी आत मुरण्याची वाट न पाहता पृष्ठभागावरूनच वाहून गेले पाहिजे. त्यासाठी ग्रीनला किमान दोन दिशांनी दोन ते तीन टक्के उतार ठेवतात. म्हणजे चिकणमातीवर उतार हा शोभेचा विषय राहत नाही, तो गटाराचे काम करतो.

७. पाऊस कुठे जातो

नकाशावर होल आखण्याआधी पाण्याचा हिशेब करायचा, हा या पाठातला सर्वांत महत्त्वाचा धडा.

६० हेक्टर जमिनीवर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला असे धरू. पावसाळ्यात कोलकात्याला असे दिवस येतात. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी १०,००० लिटर. त्यावरून एकूण पाणी ६ कोटी लिटर. चिकणमाती आधीच ओली असेल तर यातले फार थोडे मुरेल. मैदानावर सर्व मिळून तीन हेक्टर तळी असतील आणि पाऊस येण्यापूर्वी त्यांची पातळी काठापासून ६० सेंटिमीटर खाली असेल, तर ती १ कोटी ८० लाख लिटर पाणी धरतील. म्हणजे तीस टक्के. बाकीचे पाणी फेअरवेवर काही तास उभे राहून सावकाश नाल्याकडे जाईल.

शहरासाठी या तासांना मोल आहे. आजूबाजूच्या गल्ल्यांत काँक्रीटवरचे पाणी काही मिनिटांत गटारात येते आणि गटार तुंबते. मोकळी जमीन पाणी अडवून धरते. पण हे आपोआप घडत नाही. खेळ लवकर सुरू व्हावा म्हणून जमिनीखाली नळ टाकून पाणी झटपट बाहेर काढले, तर मैदानाचा प्रश्न सुटतो आणि शेजारच्या वस्तीचा वाढतो. दिसायला दोन्ही मैदाने सारखीच हिरवी असतील. इथे पुन्हा आपले दोन प्रश्न आठवा. नैसर्गिक दिसणे आणि निसर्गाप्रमाणे वागणे यांत फरक आहे.

तळी राखण्यासाठी कामही करावे लागते. गाळ काढला नाही, जलपर्णी वाढू दिली, तर दहा-पंधरा वर्षांत तळे उथळ होते आणि वरचा हिशेब कोलमडतो. अल्पतम रचना म्हणजे देखभाल शून्य, असा समज करून घेऊ नका.

८. हरळी

कोलकात्याच्या फेअरवेवरचे गवत हिंदी-बंगालीत 'दूब' म्हणून ओळखले जाते. मराठी वाचकाला ते दोन नावांनी माहीत आहे. गणपतीला वाहतो त्या दूर्वा आणि शेतकऱ्याला जेरीस आणते ती हरळी. दोन्ही एकच. जगभर याच गवताला आणि त्याच्या संकरित जातींना बर्म्युडा गवत म्हणतात.

शेतात हरळी का नको असते? ती जमिनीखालच्या आणि जमिनीवरच्या धावत्या खोडांनी पसरते, तुकडा राहिला तरी पुन्हा फुटते, उन्हाने मरत नाही, जनावरांनी तुडवली तरी उठते. हे सगळे दुर्गुण मैदानावर गुण ठरतात. चेंडू मारताना उखडलेली जागा ती स्वतः भरून काढते. आखूड कापणी सहन करते. उन्हाळ्यात पाणी कमी मिळाले तर पिवळी पडते, पण पहिल्या पावसात हिरवी होते.

तिच्या दोन मर्यादा रचनाकाराला ठाऊक हव्यात. पहिली, तिला सावली मानवत नाही. कोलकात्याच्या मैदानांवर मोठाली झाडे आहेत आणि त्यांत पक्षी व कोल्हे राहतात. ती झाडे शहराची संपत्ती आहेत. पण ग्रीनच्या पूर्वेला आणि दक्षिणेला दाट झाड लावले तर त्याखाली हरळी विरळ होते, मग खत, पाणी, नवी लागवड असे चक्र सुरू होते. झाड ग्रीनपासून दूर ठेवणे हा फुकटचा उपाय आहे आणि तो आखणीच्या दिवशीच करता येतो. दुसरी मर्यादा, थंडीत तिची वाढ मंदावते आणि रंग उतरतो. नेमका हाच कोलकात्यातला खेळाचा मोसम. बारमाही गर्द हिरव्याचा हट्ट धरला तर थंडीसाठी वेगळे गवत पेरावे लागते आणि पाणीही वाढते. फिका रंग स्वीकारला तर यांतले काहीच लागत नाही.

पाण्याचा हिशेब : कोरड्या दिवसांत रोज ५ मिलिमीटर पाणी द्यायचे ठरले, तर हेक्टरी ५०,००० लिटर. ३० हेक्टर गवताला पाणी दिले तर रोज १५ लाख लिटर. फक्त टी, ग्रीन आणि फेअरवेचे मोक्याचे भाग मिळून १५ हेक्टर भिजवले तर साडेसात लाख. रंगाबद्दलची अपेक्षा बदलणे हा सर्वांत स्वस्त जलसंधारणाचा उपाय आहे.

हा समतोल रोज राखणारी माणसे म्हणजे ग्रीनकीपर आणि माळी. कुठे पाणी उभे राहते, कुठली हरळी सावलीने विरते, हे त्यांना आधी कळते. भारताचे व्यावसायिक गोल्फपटू एस. एस. पी. चौरासिया यांचे वडील रॉयल कलकत्तामध्येच ग्रीनकीपर होते. मुलगा त्याच मैदानावर खेळ शिकला आणि २०१६ व २०१७ अशी सलग दोन वर्षे इंडियन ओपन जिंकला. नव्या मैदानाची पाहणी करताना नकाशाइतकेच महत्त्व जागेवर राबणाऱ्या माणसांच्या सांगण्याला द्या.

९. महाराष्ट्रात हा विचार लावताना

कोलकात्याची तळी उचलून पुण्या-सोलापूरच्या बाजूला आणली तर तो पुन्हा नकलेचा प्रकार होईल. दख्खनवर खडक उथळ आहे, वर मुरूम किंवा भेगाळणारी काळी माती आहे, पाऊस कमी आणि लहरी आहे. इथे खणलेले तळे उन्हाळ्यात कोरडे पडेल किंवा भूजलावर जगेल. इथली देणगी वेगळी आहे : नैसर्गिक उतार, ओढ्यानाल्यांच्या घळी, खडकाचे उघडे पट्टे आणि कुसळी, पवन्या, मारवेल यांसारखी गवते. फेअरवे अरुंद ठेवून बाकी जमीन या गवतांना सोडता येईल. कोरड्या भागांत ग्रीनऐवजी तेल मिसळलेल्या वाळूचे 'ब्राउन' वापरण्याची पद्धत भारतात पूर्वापार आहे. आज तिच्याकडे गरिबीचा तोडगा म्हणून पाहिले जाते, पण पाण्याच्या हिशेबात ती सर्वांत प्रामाणिक आहे.

मात्र त्याआधीचा एक प्रश्न टाळता येत नाही. माळरानाला सरकारी नोंदीत आणि बोलण्यात 'पडीक' म्हणण्याची सवय आहे. प्रत्यक्षात तिथे मेंढपाळांचे कळप चरतात, लांडगे, खोकड आणि माळढोकसारखे पक्षी त्या गवतावरच जगत आले आहेत. स्कॉटलंडचे लिंक्सही असेच 'निकामी' कुरण होते, पण तिथे मेंढ्या आणि खेळ बराच काळ एकाच जमिनीवर नांदले. कुंपण घालून, टँकरने पाणी आणून केलेले मैदान कितीही कमी मातीकामाचे असले तरी ज्याची चराई गेली त्याच्या दृष्टीने ते अल्पतम नसते. म्हणून रचनाकाराने पहिला प्रश्न 'इथे काय करायचे' असा न विचारता 'इथे करायचे का' असा विचारावा. कधी कधी त्याचे योग्य उत्तर 'नाही' असते आणि तेही रचनेच्या ज्ञानातूनच येते.

१०. सारांश

- निसर्गवाद दिसण्याचा, अल्पतमवाद करण्याचा विचार आहे. दोन्ही एकत्र येऊ शकतात, पण एक असला की दुसरा असतोच असे नाही.
- वाळूच्या किनाऱ्यावर जन्मलेले दृश्य सर्वत्र उचलून नेणे हा अल्पतमवाद नाही. जमिनीच्या स्वभावाला पुरेल तेवढेच करणे हा अल्पतमवाद.
- कोलकात्याच्या सपाट गाळावर तो स्वभाव पाण्याचा आहे. तळे खणून उंचवटा करण्याची जोडी माती, पाणी आणि खेळ तिन्हींचा हिशेब एकाच वेळी मिटवते.
- स्थानिक गवत, सावलीचे भान आणि रंगाबद्दलची माफक अपेक्षा यांनी कायमची देखभाल कमी होते.
- कुंपणाबाहेरचा परिणाम मोजल्याशिवाय 'कमी काम' हा दावा अपुरा आहे.

११. स्वाध्याय

१. विभाग ३ मधील चार प्रकारांत तुमच्या शहरातील एखादी बाग किंवा क्रीडांगण बसवा आणि कारणे द्या.

२. ४० हेक्टरच्या जागेवर दिवसात ८० मिलिमीटर पाऊस पडला. तळी दोन हेक्टर असून त्यांत ५० सेंटिमीटर जागा रिकामी आहे. एकूण पाण्याचा किती टक्के भाग तळ्यांत मावेल?

३. ३० मीटर लांब, २० मीटर रुंद आणि दीड मीटर खोल तळ्यातून अंदाजे किती माती निघेल? काठाचा उतार एकास दोन धरा. ती दाबल्यावर एक ग्रीन उंच करायला पुरेल का?

४. तुमच्या गावाजवळच्या एका माळरानाला भेट द्या. पाणी कोणत्या दिशेने वाहते, कोणती गवते आहेत आणि ती जमीन आज कोण वापरते, याची टिपणे काढा. त्यानंतरच तिथे काही करावे की नाही, यावर एक पान लिहा.